लिव्हर जुळलं, नळी अडली

खाज आधी तळहातांना सुटली, मग तळपायांना. रात्री जास्त. अंगावर पुरळ नाही की गांधी नाही. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे घरच्यांना वाटलं फवारणीचं औषध बाधलं. पण माझं लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं, बायकोनंच लिव्हरचा भाग दिलेला. डिस्चार्ज देताना कोऑर्डिनेटर ताईंनी बजावलं होतं, "भाऊ, खाज सुटली की कातडीच्या डॉक्टरकडे नका जाऊ, आधी मला फोन करा." फोन केला. त्यांनी आमच्या तालुक्याच्या गावी, दारव्ह्यालाच रक्त द्यायला लावलं. बिलिरुबिन जरासंच वाढलेलं, पण पित्त अडलं की वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी चांगलेच वर गेलेले. डोळे अजून पांढरेच होते. पिवळे झाले ते नंतर, लघवीही गर्द झाली.

कावीळ म्हटल्यावर गावात जे होतं ते झालंच. शेजारचे काकाजी ओट्यावर येऊन बसले. "नागपूरले कायले जातं गा? उतरवून घे. माह्या पोट्ट्याची उतरली ना." आमच्याकडे कावीळ उतरवणारे हाताला काहीतरी चोळतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं आणि माणूस समाधानानं घरी जातो. साधी विषाणूची कावीळ बऱ्याचदा आपोआपच ओसरते, नाव मात्र उतरवणाऱ्याचं होतं. माझ्या लिव्हरमध्ये पित्त तयार होत होतं, त्याला खाली उतरायला वाट नव्हती. काकाजींनी मग झाडपाल्याचा काढा सुचवला. तोही आम्हाला चालत नाही. शरीरानं नवीन लिव्हर नाकारू नये म्हणून मी बारा-बारा तासांनी टॅक्रोलिमसची गोळी घेतो, आणि तिचं रक्तातलं प्रमाण अशा औषधांनी वरखाली होऊ शकतं. हे समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "माह्या लिव्हरवर काढा-बिढा चालाचा नाही." विषय संपला.

यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर गाठलं. तिथं पहिला प्रश्न होता की हे रिजेक्शन, म्हणजे शरीरानं लिव्हर नाकारणं आहे, की पित्तनळीचा अडथळा. रक्ताचे आकडे दोन्हींत बिघडतात आणि उपचार अगदी वेगळे. सोनोग्राफीत पित्तनळ्या फारशा फुगलेल्या दिसल्या नाहीत. मला बरं वाटलं, डॉक्टरांना नाही. ते म्हणाले, बसवलेल्या लिव्हरमध्ये अडथळा असूनही नळ्या फुगलेल्या दिसतीलच असं नसतं. डॉपलर करून लिव्हरच्या धमनीचा रक्तपुरवठा पाहिला, कारण पित्तनळी जगते ती त्या धमनीवर. तो ठीक होता. मग एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय झाला आणि अडचण सापडली. नव्या लिव्हरची पित्तनळी माझ्या नळीला जिथं जोडली होती, त्या जोडावरच ती आवळली गेली होती.

ठिबकची नळी जिथं जोडावी तिथंच पाणी अडावं, तसलाच प्रकार. जिवंत दात्याकडून लिव्हरचा भाग घेतला की त्यातल्या पित्तनळ्या बारीक असतात, कधी एकाऐवजी दोन निघतात. माझ्यात दोन होत्या. टाके भरून येताना वण धरतो, वण आकसतो, वाट बुजते. अशा ट्रान्सप्लांटमध्ये ही गुंतागुंत बऱ्यापैकी आढळते. सर्जनचं काही चुकलं असंच नसतं, हे मला तिथं नीट समजलं.

उपाय ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण पोटातून पुढं लहान आतड्यापर्यंत नेतात. पित्तनळी जिथं आतड्यात उघडते त्या तोंडाशी छोटा छेद देतात, औषध सोडून एक्स-रेवर नळीचा नकाशा बघतात, अरुंद भागातून बारीक तार पार करतात, फुगा फुगवून वाट रुंदावतात आणि ती पुन्हा आवळू नये म्हणून स्टेंट, म्हणजे आधाराची बारीक पोकळ नळी ठेवतात. आदल्या रात्रीपासून उपाशी. दातांत प्लास्टिकची कडी, पालथं निजवलेलं, आजूबाजूला शिशाचे जड एप्रन घातलेली माणसं. भूल दिल्यावर पुढचं काही आठवत नाही. तार पार झाली नसती तर बरगड्यांमधून सुई घालून बाहेरून वाट काढावी लागली असती, हे आधीच सांगून सही घेतली होती.

स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते म्हणून त्या रात्री ठेवून घेतलं. वरच्या पोटात पाठीकडं जाणारी कळ येते का, हे सिस्टर सारखं विचारत होत्या. कळ आली नाही. खाज मात्र पुढच्या काही रात्रींत ओसरली आणि मी कित्येक दिवसांनी सलग झोपलो.

मला वाटलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता सुरुवात. प्लास्टिकचा स्टेंट गाळानं बुजतो, म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी तो काढून नवा घालायचा. प्रत्येक वेळी जमलं तर शेजारी आणखी एक, म्हणजे वण हळूहळू ताणला जाईल. हे वर्षभर तरी. आवरण असलेला धातूचा स्टेंट महिनोन्‌महिने राहतो, फेऱ्या वाचतात. मी तोच मागितला. पण माझ्या दोन नळ्यांपैकी एकीचं तोंड त्यानं झाकलं गेलं असतं, म्हणून नाही म्हणाले. काढलेला स्टेंट एकदा ट्रेमध्ये दाखवला. आतून काळपट हिरव्या चिकट गाळानं पार भरलेला.

माझ्या मते या उपचारातला अवघड भाग दुर्बिणीचा नाही, दोन दुर्बिणींच्या मधला आहे, आणि तो गावात काढावा लागतो. पावसाळ्यात मला हुडहुडी भरून ताप आला. घराघरात ताप होता. तालुक्याच्या एका दवाखान्यात "व्हायरल दिसते" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मी स्टेंटचं कार्ड पुढं केलं, ते बघितलंही नाही. बायकोनं तिथूनच नागपूरला फोन लावला आणि तो डॉक्टरांच्या हातात दिला. मग पटापट हललं सगळं. कल्चरसाठी रक्त घेतलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून दिला आणि आम्ही गाडीनं निघालो. स्टेंट बुजून पित्तनळीत जंतुसंसर्ग झाला होता. टॅक्रोलिमसनं प्रतिकारशक्ती दाबलेली असते, असा ताप रात्रभर अंगावर काढायचा नसतो.

तेव्हापासून कार्ड पाकिटात, त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं. पेरणी असो की वेचणी, तारीख हलवली नाही. पैशांची ओढाताण झालीच. कापूस भावाची वाट न पाहता विकला.

शेवटच्या खेपेला सगळे स्टेंट काढून औषध सोडलं, तेव्हा ते दोन्ही नळ्यांमधून न अडखळता उतरलं. आत आता काही नाही. वाट पुन्हा आवळू शकते, म्हणून रक्त तपासत राहायचं. लिव्हरच्या तपासण्या दारव्ह्यात होतात. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी सकाळची गोळी न घेता रक्त द्यावं लागतं, गोळी खिशात ठेवून जातो. नागपूरची पुढची तारीख तूर सोंगायच्या दिवसांत आली आहे, मजुरांना तसं सांगून ठेवलं आहे.