लघवीची गोळी आणि माझा उजवा डोळा

"काका, लघवीसाठी काही गोळी चालू आहे का तुम्हाला?"

हा प्रश्न मला ऑपरेशनच्या टेबलावर विचारला गेला. तोंडावर हिरवं कापड, उजव्या डोळ्यापुरतं भोक, आणि मोतीबिंदूचं काम अर्ध्यावर आलेलं. भूल नुसती थेंबांची, त्यामुळे कान अगदी शाबूत होते. आजूबाजूला दोन सिस्टर उभ्या. कापडाखालूनच म्हणालो, "हो, रात्री जेवणानंतर एक. टॅम्सुलोसिन."

"किती दिवस?"

"चार वर्षं झाली."

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग सिस्टरला म्हणाले, "हुक काढा."

पंधरा मिनिटांचं काम म्हणून आत गेलेला मी पाऊण तासाने बाहेर आलो. बाहेर हिने तोवर तीन वेळा दाराच्या फटीतून डोकावून घेतलं होतं.

आता खरं सांगायचं तर चूक माझी. आधी फाईल भरताना मुलीने विचारलं होतं, "औषधं कोणती चालू आहेत?" मी बीपीची सांगितली, साखरेची सांगितली. लघवीची सांगितली नाही. एक तर डोळ्याचा आणि तिचा संबंध काय, असं वाटलं. दुसरं म्हणजे ती मुलगी माझ्या नातीएवढी, आणि मागे बाकड्यांवर अख्खा गाव बसलेला. 'इतर औषधे' या ओळीवर मी एक आडवी रेघ मारली. चित्रकलेचा मास्तर होतो, रेघ सरळच आली.

पण अर्धी चूक व्यवस्थेचीही आहे, हे मी अजून म्हणतो. प्रोस्टेटच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करताना मोतीबिंदूचं विचारलं नाही आणि डोळ्यांकडच्यांनी प्रोस्टेटचं विचारलं नाही. सत्तरीच्या माणसाला दोन्ही दुखणी असणार, यात नवल ते काय? ऑपरेशनआधी थेंब घालणारी सिस्टर म्हणाली होती, "काकांची बाहुली नीट उघडत नाहीये," आणि परत थेंब घातले. तिथेच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. (वर्तुळ चांगलं काढतात.) बाहुलीभोवतीचा जो तपकिरी पडदा, त्यात बाहुली उघडणारा एक स्नायू असतो. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं, म्हणून लघवी मोकळी होते. त्या स्नायूंवर ज्या जागी हे औषध काम करतं, तसल्याच जागा डोळ्यातल्या त्या स्नायूवरही आहेत. तोही ढिला पडतो. मोतीबिंदू काढताना डोळ्यात सतत पाणी खेळवतात. नदीच्या प्रवाहात सोडलेलं धोतर जसं फुगतं, लडबडतं, तसा तो पडदा हलायला लागतो, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून बाहेर यायला बघतो, आणि बाहुली मध्येच आकसत जाते. म्हणजे काम करायची खिडकीच लहान होते. चँग आणि कॅम्पबेल या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी 2005 साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. 'फ्लॉपी आयरिस' म्हणतात त्याला. माझ्या बाबतीत चार हुक लावून पडदा चारी बाजूंनी ताणून धरावा लागला. भिंग मात्र व्यवस्थित बसलं.

उजव्या डोळ्याने पांढरा सदरा पाहिला तर निळसर शुभ्र, डाव्याने पाहिला तर चहात बुडवून काढलेला. त्यामुळे डावा डोळाही लवकर उरकायचा ठरलं, आणि इथे मी दुसरा शहाणपणा केला. कुणाला न विचारता गोळी बंद केली. म्हटलं, महिनाभर थांबलो की पडदा ताठ होईल. चौथ्या रात्री सहा वेळा उठलो. सहाव्या वेळी मोरीत उभा राहून नळ सोडला, पाण्याचा आवाज ऐकत बसलो, तरी थेंब थेंब. ही दाराबाहेरून, "अहो, काय झालं? दिवा लावू का?"

सकाळी फोन केल्यावर डोळ्यांचे डॉक्टर चिडलेच. "काका, बंद करून उपयोग नाही. सोडून वर्ष-वर्ष झालेल्यांतही पडदा ढिला सापडतो. उलट लघवी पूर्ण अडकली तर नळी घालावी लागेल. आजच सुरू करा. मला आधी कळलं म्हणजे झालं, पुढचं माझं मी बघतो."

दुसऱ्या खेपेला वेटिंग हॉलमध्ये फाईलवाली मुलगी मोठ्याने म्हणाली, "काका, लघवीची गोळी चालूय ना? लाल पेनने लिहिते." चार म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या. शेजारच्या गृहस्थांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढून मला हळूच विचारलं, "हीच का ती?" त्यांची सायलोडोसिन होती. म्हटलं, नाव वेगळं, पण जात तीच, आत जाऊन दाखवा. पलीकडच्या बाईंना मुतखड्यासाठी टॅम्सुलोसिन दिली होती, त्याही उठल्या.

डाव्या डोळ्याला सगळी तयारी आधीच होती. बाहुली उघडी राहायचं औषध थेट डोळ्याच्या आत सोडलं, आणि हुकांऐवजी एक बारीकशी रिंग बसवली. चौकोनी, चार कोपऱ्यांना वेटोळी. पडदा त्यांत अडकवायचा आणि शेवटी काढून घ्यायची. मॅल्युगिन नावाच्या रशियन सर्जनची आहे म्हणे. पंचवीस मिनिटांत मी बाहेर, हिचा चहाही संपला नव्हता.

दोन्ही डोळ्यांनी आता वर्तमानपत्रातली मथळ्याखालची ओळ चष्म्याशिवाय वाचतो. रात्री समोरून गाडी आली की उजव्या डोळ्यात मात्र दिव्याला शेपूट फुटतं. आरशाजवळ जाऊन पाहिलं तर डावी बाहुली गोल गरगरीत, उजवीची कड खालच्या बाजूला किंचित ओढलेली. वर्गात कुणी असं वर्तुळ काढलं असतं तर मी खोडायला लावलं असतं.