प्लूटोनं काय बिघडवलं होतं?

अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी आम्ही चार-पाच मित्र दुर्बीण घेऊन वांगणीला जातो. शनीची कडी बघून झाली, चहा झाला, की कुणीतरी विचारतंच, "काका, प्लूटोला ग्रहांतून का हो काढलं?" स्वर असा, की जणू वाड्यातल्या जुन्या भाडेकरूचं बिऱ्हाड कुणी रस्त्यावर आणलंय, आणि आणणारा मीच. अंधारात उभ्या उभ्या हे सांगून होत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आता नीट लिहितो.

सुरुवात प्लूटोपासून करून उपयोग नाही, सेरेसपासून करावी लागते. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत खगोलज्ञ पियाझ्झीला एक ठिपका दिसला. पुढच्या रात्री तो जरासा सरकलेला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मोकळ्या जागेत नवा ग्रह, सेरेस, मिळाला म्हणून आनंद झाला. मग १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. ही चौकडी काही दशकं पुस्तकांत ग्रह म्हणूनच नांदली. पण १८४५ पासून त्याच पट्ट्यात आणखी सापडायला लागले, आणि थांबेनातच. पाटावर किती जणांना बसवणार? शेवटी त्यांची वेगळी पंगत मांडली : लघुग्रह. सेरेससाठी आज कुणी हळहळत नाही, कारण त्याच्यासकट ग्रहांची नावं पाठ केलेली पिढी कधीच गेली.

प्लूटोचं अगदी तसंच झालं, फक्त आपल्या डोळ्यांदेखत. १९३० मध्ये अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत चोवीस वर्षांच्या क्लाइड टॉमबॉनं तो शोधला. तिथं शोध चालला होता तो युरेनसला ओढ लावणाऱ्या एका दांडग्या ग्रहाचा. म्हणून सुरुवातीला प्लूटोचं वजन पृथ्वीच्या जवळपास धरलं, आणि पुढं दर मोजणीत तो रोडावत गेला. १९७८ मध्ये त्याचा शॅरन हा चंद्र सापडला, तेव्हा खरा आकडा कळला : आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. १९९२ पासून त्याच भागात इतर बर्फाळ गोळे सापडू लागले. २००५ मध्ये एरिस जाहीर झाला. प्लूटोपेक्षा व्यासानं किंचित लहान, वस्तुमानानं मात्र सुमारे सव्वापट. आता एकतर एरिसलाही ग्रह म्हणा, नाहीतर प्लूटोलाही म्हणू नका.

ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोल संघाची बैठक भरली. पहिला मसुदा उदार होता. त्यानं सेरेस, शॅरन आणि एरिसला आत घेऊन ग्रह बारा केले असते. त्यावर बरीच खडाजंगी झाली, आणि २४ ऑगस्टला वेगळीच व्याख्या मंजूर झाली. ग्रह सूर्याभोवती फिरायला हवा, स्वतःच्या गुरुत्वानं गोलसर झालेला हवा, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्यानं मोकळा केलेला हवा. पहिल्या दोन अटी पाळणारा, तिसरीत अडकणारा आणि कुणाचा उपग्रह नसणारा तो बटुग्रह. सेरेस, प्लूटो, हौमेया, माकेमाके, एरिस हे आज मान्य असलेले पाच.

भांडण सगळं तिसऱ्या अटीवर. "गुरूच्या वाटेवर तरी हजारो धोंडे आहेतच की!" आहेत, पण ते गुरूच्या तालावर चालतात. पृथ्वीचं वस्तुमान तिच्या वाटेवरच्या बाकी सगळ्या मालाच्या सुमारे १७ लाख पट भरतं. प्लूटोचं त्याच्या शेजाऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या एक दशांशही नाही. शिवाय तो स्वतःच नेपच्यूनच्या तालावर : नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात याच्या बरोब्बर दोन. मला ही अट पटते. घरात चालतं कुणाचं, हे ती विचारते.

पटत नाही ते दुसरंच. व्याख्येत 'सूर्याभोवती' असं बजावून लिहिल्यामुळे इतर ताऱ्यांभोवती सापडलेले हजारो ग्रह तिच्यात बसतच नाहीत. आणि बटुग्रह म्हणायचं, वर तो ग्रह नव्हे हेही सांगायचं! मुंज लागलेला बटू निदान पुढं मोठा तरी होतो.

एकदा एका आजींनी विचारलं, "मग पत्रिकेतल्या नवग्रहांचं काय?" त्यांना काही होत नाही. त्या नवांत प्लूटो कधी नव्हताच. युरेनस, नेपच्यून आणि पायाखालची पृथ्वीही नाही. सूर्य-चंद्र आहेत. राहू-केतू तर वस्तूच नव्हेत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. स्थिर ताऱ्यांमधून जो सरकतो तो ग्रह, एवढाच जुना हिशेब.

प्लूटो आमच्या छोट्या दुर्बिणीतून दिसत नाही, फार मंद आहे तो. पण सेरेस सोयीच्या जागी असला की साध्या द्विनेत्रीतूनही सापडतो. बघणाऱ्याचा हमखास विरस होतो, कारण दिसतो तो ताऱ्यासारखा ठिपका. त्या आजींना मी शेजारच्या चार ताऱ्यांसकट त्याची जागा वहीवर काढून दिली आणि चार दिवसांनी गच्चीवरून पुन्हा बघा म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन : "अहो, सरकला हो तो!"