ओहिया ते कलुपहन: ‘सोपा उतार’ म्हणून विकली जाणारी सायकलवाट

श्रीलंकेच्या डोंगराळ मध्यभागात एका दिवसाची माउंटन बाइकची सफर घ्यायची म्हटली, की हपुतले, एल्ला, नुवारा एलिया या गावांतले आयोजक बहुधा एकच गोष्ट पुढे करतात: गाडी तुम्हाला वर नेऊन सोडेल, मग बहुतेक सगळा उतारच आहे, पेडल फार मारावे लागणार नाही. आम्ही ओहियापासून उदवेरियाच्या चहामळ्यांतून, डेव्हिल्स स्टेअरकेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळणांवरून, बंबरकंद धबधब्याजवळून खाली कलुपहनपर्यंत जाणारी सफर याच भरवशावर घेतली. उताराची गोष्ट खरी निघाली. मात्र त्या उतारावर पायांना मिळालेल्या सवलतीची पुरेपूर किंमत तळहात, मनगटे, खांदे आणि ब्रेक यांना मोजावी लागते, हे कोणीही सांगितले नाही. आयोजकाच्या माहितीपत्रकात ‘नवशिक्यांसाठी योग्य’ असे छापलेले होते. ही वाट नवशिक्यांसाठी मुळीच योग्य नाही.

ओहिया रेल्वे स्थानक १७७४ मीटर उंचीवर आहे. कोलंबो–बदुल्ला मार्गावर कोलंबोहून येताना याच्या अलीकडचेच पट्टिपोला हे १८९१ मीटरवरचे स्थानक देशातले सर्वांत उंच मानले जाते, म्हणजे आपण जवळजवळ माथ्यावरूनच सुरुवात करतो. दुसऱ्या टोकाला कलुपहन हे कोलंबोहून रत्नपुरा, बलांगोडामार्गे येणाऱ्या ए-४ महामार्गावर आहे. मध्ये हॉर्टन प्लेन्सच्या पठाराचा दक्षिणेकडचा कडा आहे आणि वाट त्याच कड्याच्या अंगाने खाली उतरते. हे भूगोलाचे चित्र निघण्यापूर्वी नकाशावर नीट पाहावे. समोच्चरेषा जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत, तिथे आपल्याला सायकलवर बसून जायचे आहे, एवढे लक्षात घेतले तरी आयोजकाला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतील.

सुरुवातीचा भाग मळ्यांतून जातो. कॉफीच्या बागांवर १८६९ पासून तांबेऱ्याचा रोग पडला आणि पुढच्या काळात या डोंगरांवर कॉफीची जागा चहाने घेतली. त्या मळ्यांसाठी केलेले रस्ते आजही वापरात आहेत. चढउतार सौम्य आहेत, हवा थंड आहे आणि आकाश स्वच्छ असेल तर दक्षिणेकडचा सखल प्रदेश समनलवेवा जलाशयापर्यंत दिसतो. या भागाविषयी याहून अधिक सांगण्याची गरज नाही, कारण तिथे कोणालाही अडचण येणार नाही. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. चहाची पाने वाहणारा ट्रॅक्टर किंवा लॉरी आली की सायकल दरीच्या बाजूला न नेता डोंगराच्या बाजूला घेऊन थांबावे, आणि मजुरांच्या वस्तीतून जाताना वेग पायी चालण्याइतका ठेवावा, कारण मुले आणि कुत्री तिथल्या रस्त्यालाच अंगण मानतात.

खरा प्रश्न मळा संपल्यावर सुरू होणाऱ्या नागमोडी उताराचा आहे. वळणे एकाखाली एक अशी रचलेली आहेत की वरच्या वळणावरून खालच्या वळणावरचा माणूस जवळजवळ आपल्या पायाखाली दिसतो. काही ठिकाणी काँक्रीट आहे, पण जिथे ते नाही तिथे जुन्या रस्त्याच्या बांधणीतले दगड उघडे पडले आहेत, मधली माती पावसाने वाहून गेली आहे आणि दगडांच्या फटी चाक अडकण्याइतक्या रुंद झाल्या आहेत. हे दगड घट्ट बसलेले असते तर त्यांच्यावरून सायकल उडत का होईना, पण नेता आली असती. अडचण अशी की निम्मे दगड घट्ट आहेत आणि निम्मे सुटे आहेत, आणि चाक वर चढेपर्यंत कोणता कसला हे कळत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला उतार सर्वांत तीव्र असतो आणि नेमकी तिथेच सुटी खडी साचलेली असते, म्हणून स्वाभाविकपणे आतून वळणारा माणूस पडतो. बाहेरून, म्हणजे दरीच्या बाजूने, रुंद वळण घेणे भीतीदायक वाटते, पण वळणाच्या तोंडाशी पुरेसा वेग कमी केलेला असेल तर तीच रेषा अधिक सुरक्षित असते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात असताना नव्हे. वळणात पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सुट्या खडीवर असले तर सावरायला वेळच मिळत नाही. आमच्या गटातली एक बाई अशाच रीतीने पडली आणि तिचे कोपर सोलले. ती काँक्रीटवर नियमित सायकल चालवणारी, दमदार स्वार होती. तिला कमी पडली ती शक्ती नव्हे, तर दगडांची माहिती, आणि ती द्यायला हवी होती मार्गदर्शकाने.

ब्रेकविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या वाटेवरचा सगळा धोका तिथे एकवटलेला आहे. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन ५०० मीटर खाली आले, तर सुमारे ४४० किलोज्यूल ऊर्जा सुटते. सव्वा लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे, आणि संथ गतीने उतरताना तिचा मोठा वाटा चाकांवरच्या दोन पातळ ब्रेक-चकत्या आणि त्यांना घासणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या पॅडमध्ये उतरतो. सतत हलका दाब ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापत जातात, त्यांना थंड व्हायला उसंतच मिळत नाही. पॅड चकाकतात, पकड घटते आणि तेलावर चालणाऱ्या ब्रेकची मूठ मऊ पडून हँडलपर्यंत येऊ लागते. त्याऐवजी सरळ तुकड्यात ब्रेक मोकळा सोडायचा, मग थोडा वेळ जोरात दाबून वेग उतरवायचा आणि पुन्हा सोडायचा. दगडांमुळे असे सोडायची हिंमत होत नाही, हेही खरे आहे; म्हणूनच ठरावीक वळणांवर सगळ्यांनी थांबून ब्रेक आणि हात दोन्ही गार करणे आवश्यक आहे. आमचा मार्गदर्शक छायाचित्रांसाठी थांबत होता, ब्रेकसाठी नव्हे. थांबा आपण स्वतः मागून घ्यावा, आणि त्यात कसलाही संकोच बाळगू नये.

सायकल हातात आल्याबरोबर काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. भारतात बहुतेक सायकलींवर उजव्या हाताची मूठ पुढच्या चाकाचा ब्रेक लावते. बाहेरून आणलेल्या अनेक माउंटन बाइकवर हे नेमके उलट असते. आमच्या ताफ्यात दोन्ही प्रकारच्या सायकली होत्या आणि कोणीही त्याविषयी बोलले नाही. सपाट जागेवर सायकल हाताने ढकलत एकेक मूठ दाबून पाहावी आणि बाजू उलट निघाली तर अदलाबदल करून मागावी, कारण घसरत असताना हात सवयीनेच चालतो. पॅडची जाडी वाकून पाहावी. कागदासारखा पातळ पॅड दिसला तर ती सायकल घेऊच नये. टायरमधली हवा बहुधा जास्त भरलेली असते, कारण पंक्चर झाले तर काम मार्गदर्शकाला पडते. ट्यूब असलेल्या रुंद टायरला मध्यम वजनाच्या स्वारासाठी २५ ते ३० पीएसआय पुरे होते. त्याहून फार कमी केली तर दगडावर आदळून ट्यूब चिमटते, आणि फार जास्त ठेवली तर चाक प्रत्येक दगडावरून उडते. उतार सुरू होण्यापूर्वी सीट चांगली खाली करावी, पेडल आडवी ठेवून उभे राहावे, ढुंगण मागे न्यावे आणि नजर चाकापुढे नव्हे, तर दोन-तीन सायकलींच्या लांबीइतकी पुढे ठेवावी.

आता पैशांविषयी. दर डॉलरमध्ये सांगितला गेला आणि त्यात ‘सर्व काही’ समाविष्ट असल्याचे आश्वासन मिळाले. सकाळी मात्र कळले की पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल हवी असेल तर तिचे भाडे निराळे आहे, आणि आगाऊ दिलेल्या रकमेत फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल येते. ज्या सफरीचा निम्मा भाग दगडांच्या उतारावर आहे, तिच्यासाठी योग्य सायकल ही चैनीची बाब म्हणून वेगळी विकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. शिवाय हिशेबात ‘उद्यान प्रवेश’ अशी एक नोंद होती. हॉर्टन प्लेन्स हे १९८८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे परदेशी पाहुण्यांचे शुल्क स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून ती नोंद पाहून कोणी आक्षेप घेत नाही. आमच्या वाटेवर उद्यानाचे फाटक लागलेच नाही आणि तिकिटाचा एकही कागद आमच्या हातात आला नाही. मी तिकीट दाखवायला सांगितले तेव्हा बराच वेळ फोनवर बोलणे झाले आणि ती रक्कम परत मिळाली. गटातल्या ज्यांनी विचारले नाही, त्यांना ती मिळाली नाही. तेव्हा प्रत्येक शुल्कासाठी पावती मागावी, श्रीलंकेच्या रुपयांत पैसे देणार असाल तर त्या दिवशीचा बँकेचा दर स्वतः पाहून ठेवावा, आणि सायकलचा प्रकार, कलुपहनहून परतीचे वाहन व जेवण या तीन बाबी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी घ्याव्यात. फोनवरचा लेखी संदेशही पुरतो.

ऋतूविषयी आयोजक सांगतात तेवढे निश्चिंत राहू नये. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर आणि ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारी असा असतो, पण त्यांच्या मधल्या काळात, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सकाळ लख्ख असूनही दुपारी विजांसह जोरदार सरी येतात. ओले झालेले ते दगड सायकलवरून उतरण्याच्या लायकीचे राहत नाहीत. उताराचा अवघड टप्पा दुपारपूर्वी संपेल असेच निघायला हवे. आयोजकाने ‘नऊ वाजता निवांत निघू’ असे म्हटले तर नकार द्यावा आणि पहाटेचा आग्रह धरावा. उष्ण कटिबंधात सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच मावळतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, त्यामुळे एखादे पंक्चर किंवा तुटलेली साखळी दुपारी लांबली तर काळोख अनपेक्षितपणे गाठतो. लहान दिवा पिशवीत असू द्यावा. पावसानंतर गवतातून जळवा येतात. चालत्या सायकलवर त्या त्रास देत नाहीत, पण थांब्यावर गवतात बसू नये, दगडावर बसावे.

वळणे संपून बंबरकंदच्या बाजूला पाइनची लागवड लागते आणि तिथे लोक सुटकेचा श्वास सोडून वेग वाढवतात. तो मोह आवरावा. पाइनच्या सुयांचा थर वरून कोरडा आणि आतून ओला असतो, त्याच्याखालचे मूळ किंवा दगड दिसत नाही, आणि या वेळेपर्यंत हातांची पकड सैल झालेली असते. आमच्या गटातली दुसरी पडझड इथेच, सोप्या म्हणवल्या गेलेल्या भागात झाली. धबधबा २६३ मीटर उंचीचा, देशातला सर्वांत उंच आहे. तो पाहावा, पायवाटेने जवळ जावे, पण पाण्याची धार ऋतूप्रमाणे फार बदलते, हे धरून चालावे.

बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, गुडघे आणि कोपरांची कवचे स्वतःची न्यावीत. आयोजकाकडची हेल्मेट्स घालून पाहिल्याशिवाय निघू नये. हनुवटीखालचा पट्टा आवळल्यावरही हेल्मेट कपाळावरून मागे सरकत असेल तर दुसरे मागावे. प्रवासविम्यात डोंगरातली सायकल वगळलेली असू शकते, ते कलम आधी वाचावे. संपूर्ण वाटेवर मोबाइलचे सिग्नल भरवशाचे नाहीत, म्हणून मार्गदर्शकांपैकी शेवटी कोण राहणार आणि पुढे कोण जाणार, हे निघताना ठरवून घ्यावे. एकच मार्गदर्शक असेल आणि तो पुढे पळत असेल तर ती व्यवस्था अपुरी आहे. देशात १९९० या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते, ही सेवा २०१६ मध्ये भारताच्या अनुदानातून सुरू झाली होती. मात्र त्या वळणांवर रुग्णवाहिका पोचायला वेळ लागणार हे उघड आहे, तेव्हा मलमपट्टीचे सामान मार्गदर्शकाकडे आहे की नाही, हे त्याची पिशवी उघडून पाहावे. आमच्याकडे होते, आणि जखम धुण्यासाठी पुरेसे पाणीही होते; या एका बाबतीत मला तक्रार नाही.

एवढे सगळे लिहून झाल्यावरही मी सांगतो की वाट सुंदर आहे आणि तयारीचा स्वार तिथे मनापासून रमेल. खाली पोचल्यावर हात थरथरत होते आणि तरीही आम्ही सगळे मोठमोठ्याने बोलत होतो. मात्र ज्याने घाटातल्या कच्च्या, दगडी उतारावर पूर्वी सायकल चालवलेली नाही, त्याने ही सफर घेऊ नये. त्याने हपुतलेहून दंबतेन्नेच्या चहामळ्यांतल्या रस्त्याने लिप्टन्स सीटपर्यंत जाऊन यावे; चढ भरपूर आहे, रस्ता बांधलेला आहे, आणि दमला तर उतरून ढकलत नेण्यात कोणताही धोका नाही. ज्यांना ओहियाचीच वाट करायची आहे त्यांनी आयोजकाला निघण्याच्या आदल्या दिवशी दोन प्रश्न विचारावेत: पॅड शेवटचे कधी बदलले, आणि त्या वळणांवर किती वेळा थांबणार. या प्रश्नांना सरळ उत्तर देणारा आयोजक निवडावा, त्याचा दर जास्त असला तरीही.