शिकारी जग: कुत्र्यांचे पाय अखेर चिकटले!

शिकारीची नक्षी असलेला मातीचा जग (पाण्याचं भांडं) करतेय. काल भट्टी उघडली आणि त्याच्यावरच्या सगळ्या कुत्र्यांचे पाय जागच्या जागी! शेपट्यासुद्धा. मागच्या खेपेला स्प्रिगची, म्हणजे साच्यातून काढून जगावर चिकटवलेल्या उठावाच्या नक्षीची, टोकं उचकटली होती.

दुखणं टोकांचंच होतं. प्लास्टरचा साचा मातीतलं पाणी पितो, म्हणून तर स्प्रिग सुटून येते. पण काडीएवढे बारीक पाय धडाच्या आधी सुकतात नि आकसतात. खाली जग अजून लेदर-हार्ड, म्हणजे अर्धवट सुकलेला, ओलसर. मग कडा सुटते. जाड स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावली तर ती बाजूने बाहेर येऊन नक्षीत भरते, पुसायला गेलं की बरगड्या पुसट होतात. शेवटी इंग्लंडच्या वेजवुड कारखान्यातल्या कारागिरांची रीत धरली: स्लिप नाहीच, नुसतं पाणी. जगावर ओला ब्रश फिरवायचा, माती चिकट झाली की स्प्रिग मधोमध टेकवायची आणि बोटाने हवा कडांकडे काढत न्यायची. लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं, म्हणजे दोन्हींचा ओलावा सारखा होतो. माती अर्थात एकच, जगाची तीच स्प्रिगची.

साच्यासाठी पॉटरी प्लास्टरच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्याने माझ्या साच्यातले कान लवकर झिजले.

आता मापाचं. लंडनच्या डोल्टन लॅम्बेथ कारखान्याच्या जुन्या जगावरचा कुत्रा ३६ मिमी. साचा त्याच्यावरूनच घेतलाय, त्यामुळे माती आकसून भाजल्यावर माझा ३२ भरला. मूळ मापासाठी मोठा मास्टर (साच्यासाठीचा मूळ नमुना) कोरणार होते. पण लिहितानाच सुचतंय: वेजवुडकडे पदकांच्या लहान आवृत्त्या अशाच काढत, भाजलेल्या तुकड्यावरून पुन्हा साचा, पुन्हा भाजणं. ३२वरून साचा घेतला तर साडेअठ्ठावीसच्या आसपास येईल. मग मास्टर राहू दे; जगावर ३२चे आणि सोबतच्या दोन मगांवर धाकटे कुत्रे!

ग्लेझचा, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराचा, प्रश्न उरलाय. लॅम्बेथला त्यासाठी भट्टीत मीठ टाकायचे. त्याचा थर इतका पातळ की प्रत्येक केस दिसतो. माझ्या इलेक्ट्रिक भट्टीत मीठ टाकलं तर कॉइल खलास. त्यामुळे वरच्या अर्ध्या भागाला लोहाची तपकिरी स्लिप, खालचा फिकाच, आणि वरून पारदर्शक ग्लेझ अगदी पातळ फवारून. पहिली चाचणी फुटक्या जगाच्या तुकड्यांवर.