वाचकाचे किती ऐकावे?

'लिहिताना तुम्ही वाचकाचा विचार करता का, आणि त्याने काही बदलायला सांगितले तर बदलता का?' हा प्रश्न मला पत्रांतून आणि भेटींतून वारंवार विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून या वेळी जरा सविस्तर उत्तर देतो.

प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण पहिल्या खर्ड्यापुरते नाही. आपल्याला काय म्हणायचे आहे हेच तेव्हा पुरते ठाऊक नसते, त्यामुळे कोणाला म्हणायचे आहे याचा विचार करण्यात अर्थ नसतो. दुसरा खर्डा लिहायला बसलो की मात्र वाचक माझ्या मनातून हलत नाही. समोरासमोर बोलताना माणूस मध्येच थांबवून 'म्हणजे काय?' असे विचारू शकतो. वाचकाला ती सोय नसते, आणि म्हणून त्याच्या वतीने तो प्रश्न प्रत्येक वाक्याला लेखकानेच विचारायचा असतो. एवढे कष्ट मी वाचकाचे देणे समजतो.

दुसरा भाग अवघड आहे, आणि त्याचा विचार करताना मला नेहमी इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आठवतो. त्याच्या कादंबऱ्या साप्ताहिक किंवा मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध होत, त्यामुळे कथा पुरी होण्याआधीच वाचकांची पत्रे त्याच्या हाती पडत. 1840 सालाच्या अखेरीस 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'चा शेवट जवळ येत होता, तेव्हा नेल या लहान मुलीला मारू नका अशी विनवणी करणारी पत्रे त्याला आली. लिहिताना त्याचे स्वतःचे काळीजही तुटत होते, तरीही नेल वाचली नाही. पुढे 1849 साली 'डेव्हिड कॉपरफील्ड'च्या एका हप्त्यात त्याने मिस माउचर नावाची ठेंगू स्त्री रंगवली, तेव्हा त्याच्याच शेजारात राहणाऱ्या, तशाच शरीरयष्टीच्या एका स्त्रीने स्वतःला त्या चित्रात ओळखले आणि आपल्याला किती यातना झाल्या हे त्याला पत्राने कळवले. डिकन्सने त्या पात्रासाठी वेगळा, वाईट मार्ग योजला होता. तो त्याने बदलला आणि पुढच्या हप्त्यांत तिला सहृदय, स्वाभिमानी केले.

पुष्कळांची विनवणी त्याने मानली नाही आणि एकीचे म्हणणे मानले, हे दोन्ही मला योग्य वाटते. नेलसाठी लिहिणारे आपली इच्छा सांगत होते. ती इच्छा लेखकानेच त्यांच्या मनात निर्माण केली होती. ती अपुरी ठेवण्याचा त्याला अधिकार होता, किंबहुना कादंबरीचे सारे वजन त्या अपुरेपणावरच होते. शेजारच्या स्त्रीने मात्र त्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली: तुझ्या शब्दांनी माझ्या बाबतीत असे घडले. पहिली मागणी होती, दुसरी साक्ष. मागणी नम्रपणे ऐकून बाजूला ठेवता येते; साक्ष बाजूला ठेवता येत नाही, मग ती एकाच माणसाने दिलेली का असेना.

मागण्या नेहमी निष्फळच ठरतात असेही नाही. आर्थर कॉनन डॉईलने 1893 साली आपल्या कथांतल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराला मारले, वाचक संतापले, आणि 1903 साली त्याला होम्सला परत जिवंत करावे लागले. त्यात वाचकांचा दोष नाही. प्रेम केले की माणूस मागणारच.

प्रत्यक्षात हा भेद इतका स्वच्छ नसतो. 'ही बाई असे कधीच करणार नाही' असे कोणी लिहितो, तेव्हा शब्द मागणीचे असतात, पण आत बहुधा साक्ष दडलेली असते: त्या बाईवर त्याचा बसलेला विश्वास नेमका त्या पानावर सुटलेला असतो. अशा पत्रातला उपाय मी क्वचितच स्वीकारतो, पण ते पान पुन्हा उघडतो. वाचकाने सांगितलेली दुखण्याची जागा बहुतेक वेळा बरोबर निघते. औषध मात्र लेखकाला स्वतः शोधावे लागते.

शिवाय पत्र लिहिणारे थोडे आणि न लिहिणारे फार, हे विसरून चालत नाही. संस्कृत नाटककार भवभूतीने आपला समानधर्मा, म्हणजे आपल्यासारख्याच मनाचा माणूस, कधीतरी, कुठेतरी जन्माला येईल, कारण काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, असे म्हटले, तेव्हा ज्याच्याकडून अवाक्षरही ऐकायला मिळणार नाही अशा वाचकावर त्याने भरवसा ठेवला होता. आज बोलणाऱ्याच्या आग्रहाखातर लिहिलेले बदलायचे, तर त्या न बोलणाऱ्याच्या वाट्याचे काही आपण काढून घेत नाही ना, हे मी तपासून पाहतो.

तेव्हा कोणत्याही लेखकाला लिहाल तर शेवट आवडला की नाही एवढ्यावर थांबू नका. कोणत्या पानावर पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, कोणते वाक्य लागले, कुठे त्याच्यावरचा विश्वास उडाला, ते कळवा. तुम्ही सांगितल्याशिवाय हे त्याला दुसऱ्या कोणाकडूनही कळणार नाही.