सही सही आहे का?

गेल्या वर्षी आई आमच्याकडे नॅशव्हिलला आली होती. चहा पिता पिता शेल्फवरची एक रेकॉर्ड तिनं निरखून पाहिली. "यावर नाव कोणी घातलंय?" नाव घालायचं ते भांड्यांवर, एवढंच तिला ठाऊक.

"ज्यानं गाणं म्हटलं, त्यानंच."

"मग ती त्याची. तुझ्याकडे कशी?"

रेकॉर्ड अमेरिकन रॉकबिली गायक कार्ल पर्किन्सची, 'ब्लू स्वेड शूज'. मेम्फिसच्या 706, युनियन ॲव्हेन्यूवरच्या छोट्याशा स्टुडिओत डिसेंबर 1955 मध्ये गायलेलं गाणं. 'सन' या रेकॉर्ड कंपनीचं पिवळं लेबल, त्यावर आरवणारा कोंबडा आणि सूर्याचे किरण. रॉकबिली म्हणजे गावाकडचं कंट्री आणि काळ्या गायकांचं ब्लूज एका दावणीला बांधलेलं; डबल बेस या उभ्या, भल्यामोठ्या तंतुवाद्याची तार ओढून लाकडावर आपटायची, की तोच ठेका. बटाट्याच्या कागदी पिशवीवर हे गाणं लिहिताना पर्किन्सनं म्हणे 'स्वेड'चं स्पेलिंग चुकवलं होतं. सही मात्र लेबलच्या मोकळ्या पिवळ्या जागेत, अक्षर न् अक्षर लागेल अशी.

एरवी लेबलवर पेन टेकलं की रेकॉर्डची किंमत उतरते. त्या काळची पोरं पार्टीला रेकॉर्डी घेऊन जायची आणि अदलाबदल होऊ नये म्हणून लेबलवर आपली नावं टाकायची. म्हणजे पंगतीच्या भांड्यांचीच तऱ्हा. अशी एखाद्या पोरीच्या नावाची रेकॉर्ड कवडीमोलानं मिळते. मला स्वतःला ती तितकीच आवडते, पण हे संग्राहकांत बोलायची सोय नाही.

खरी डोकेदुखी म्हणजे सही सही आहे का! रेकॉर्डची पारख करता येते. मेम्फिसमध्ये दाबून काढलेल्या सनच्या रेकॉर्डीच्या लेबलवर तीन गोल वळ असतात. नख फिरवलं की लागतात. सहीला असला वळ कुठून आणणार? त्याच काळातला रॉक गायक एडी कॉक्रनची सही म्हणून मी एकदा चांगले पैसे मोजले. विकणाऱ्यानं सोबत अभिमानानं चिठ्ठी जोडली होती : 'शार्पीनं केलेली, जराही पुसट नाही.' पुसट कशी असेल? कॉक्रन इंग्लंडमध्ये मोटार अपघातात गेला 17 एप्रिल 1960 ला आणि शार्पी हे पक्क्या शाईचं मार्कर पेन बाजारात आलं 1964 साली! पैसे बुडाले. चिठ्ठी मात्र मी जपून ठेवली आहे.

पर्किन्सची सहीही शार्पीचीच, पण तो 1998 पर्यंत होता. म्हणजे सही गाण्यापेक्षा निदान आठ वर्षांनी धाकटी.

आईसाठी रेकॉर्ड लावली. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या. सहीचं नुसतं काळं कडं झालं. सव्वादोन मिनिटांनी सुई उचलली, तबकडी मंदावली, तसं कड्यातून आधी 'का' सुटा झाला, मग आख्खा कार्ल.

"आई, आपल्याकडच्या मोठ्या टोपावर कोणाचं नाव आहे गं?"

"माझ्या मामांचं. आहेराचा आहे तो."

"मग हाही आहेरच समज."

आईनं कप खाली ठेवला. "विकत घेतलेला आहेर पहिल्यांदाच बघतेय."