डहाणूचा मे महिना

आमच्या घरी मे महिना म्हणजे कोकण नव्हतं, डहाणू होतं. गाव वगैरे काही नाही आमचं तिकडे, पण बाबांना सुट्टी मिळायची दोन-तीन दिवस, आणि विरारहून शटल पकडली की तास-सव्वा तासात डहाणू रोड, मग दरवर्षी तेच. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. रिक्षा पारनाक्याकडे वळली की आधी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, मग खारा वारा, आणि मग सुरूच्या झाडांमधून एकदम समुद्र!

उतरायचो एका पारसी कुटुंबाच्या जुन्या बंगल्यात. लांबलचक व्हरांडा, वेताच्या आरामखुर्च्या, पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा. मालकीणबाई संध्याकाळी फाटकात उभ्या राहून ओरडायच्या, "डिकरा, भरती येते हां, लांब नाय जायचा!" कारण तिथे ओहोटीला पाणी इतकं आत जातं की चालत गेलात तरी समुद्र हाती लागत नाही, आणि परत येतं तेव्हा कळत पण नाही. रंग तेव्हाही उडालेलाच होता, अर्ध्या खोल्यांना कुलूप. आजी सांगायची, पूर्वी लोक महिना-महिना हवापालटाला यायचे इथे. मला ते कुलूप फार आवडायचं, कारण अख्खा व्हरांडा आमचा.

मागच्या डिसेंबरला लेकीला घेऊन गेले. आता चर्चगेटहून थेट लोकल आहे, 2013 पासून. बंगला बंद. फाटकाला गंज, आत गवत कमरेएवढं. किनाऱ्यावरची बरीच सुरू आडवी झालीत, जी उभी आहेत त्यांची मुळं उघडी. मी फाटकाला हात लावून बराच वेळ उभी राहिले आणि खरं सांगते, रडू आलं.

डहाणू मागे पडलं असं सगळे म्हणतात, पण ते आपोआप नाही झालेलं. 1991 मध्ये केंद्रानं अख्खा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर केला, कारखान्यांवर बंधनं आली, म्हणून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात अजून चिकूच्या वाड्या आहेत. तालुक्याच्या पर्यावरणावर लक्ष ठेवणाऱ्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या प्राधिकरणानं 1998 मध्ये इथल्याच किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराला नाही म्हटलं होतं. कुणीतरी हट्टानं राखलं म्हणून माझ्या लहानपणीचा समुद्र मला तिशी-चाळिशीतही तसाच मिळाला! पण 2023 मध्ये त्याच प्राधिकरणानं बंदराला परवानगी दिली आणि ऑगस्ट 2024 मध्ये बंदराचं भूमिपूजनही झालं. मच्छीमार इतकी वर्षं विरोध करतायत, त्यांचं तर पोट आहे त्यावर, माझ्या फक्त आठवणी, तरी पोटात गोळा येतो.

येताना घोलवडचे चिकू घेतले, घरी दोन दिवसांत पिकले, लेकीनं एकटीनं सहा संपवले.

पुढच्या मेमध्ये आईला घेऊन जायचंय, दोन रात्री तरी. पारनाका किंवा बोर्डीला समुद्राजवळ साधी खोली कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा. एसी नको, टीव्ही नको, व्हरांडा मात्र हवा.